वाजणारी पायरी

दि. १७, शुक्रवार
सकाळी सव्वासात, तिसरा मजला

ती. ताईस सा. न.

टॉवेल वाळत घालायचा एक स्टँड, पाच दांड्यांचा. जेवणघरातल्या डुगडुगत्या टेबलाच्या पायाखाली सहा मिलिमीटरची लाकडी चकती. दाराच्या मागे दोन खुंट्या. सात वर्षं न उघडलेली माझ्या खोलीची खिडकी. तिचं खालचं लाकूड नवीन घातलं, आता एका बोटाने उघडते. एका खणाची मूठ. आणि जिन्याची एक पायरी, तिच्याबद्दल पुढे लिहितो.

सगळं या दोन हातांनी, आम्ही उतरलोय त्या लॉजवर, बारा दिवसांत केलेलं. सुट्टीत अवजाराला शिवणार नाही असं तुला सांगून निघालो होतो, हे लक्षात आहे. तू माझी पिशवी तुझ्या कपाटात कुलपात ठेवलीस हेही ठाऊक आहे. पण पटाशी परदेशातही मिळते, ताई. बरी मिळते. धार मात्र मलाच लावावी लागली.

तब्येत ठणठणीत आहे. चिरंजीवांना सांग, मामाला पन्नाशीची भेट म्हणून तू ही सहल दिलीस, ती वाया गेली नाही. आमचा चौदा जणांचा गट आहे आणि गाईड रोज काहीतरी दाखवायला नेतो. काल एक उंच मनोरा दाखवला. त्याचा कठडा डावीकडे दोन बोटं उतरलाय. मी गाईडला दाखवला, तर तो म्हणाला, "काका, लोक इथे समुद्र बघायला येतात." समुद्रही बघितला. चांगला आहे.

गटात एक दातांच्या डॉक्टरीणबाई आहेत. सत्तेचाळीस वर्षांच्या, एकट्याच आल्यात. आपल्याच भाषेतल्या. पहिल्या मजल्यावर जिन्याला लागून त्यांची खोली. मुठीचा खण लिहिला ना वर, तो त्यांचाच. दुसऱ्याच दिवशी खण अडकला, मूठ हातात आली आणि लॉजच्या मालकीणबाईंनी मला बोलावलं. मी वाकून बघतोय तोच या बाईंनी पर्समधून दात बघायचा लांब दांडीचा आरसा काढला नि फटीत सरकवला.

"मागच्या बाजूला चमचा आडवा झालाय," म्हणाल्या.

"सुट्टीत हा आरसा कशाला बरोबर?"

"तुमच्या खिशातून मोजपट्टी डोकावतेय, ती कशाला?"

मग मी मूठ बसवताना त्यांनी विचारलं, काम कुठे शिकलात. मी म्हटलं, कुठेच नाही, मोडलेल्या वस्तू उघडून उघडून शिकलो. हे सांगितलं की लोकांचा चेहरा कसा होतो तुला माहीत आहे. त्या म्हणाल्या, "तरीच. शिकलेला माणूस एका मुठीला एवढा वेळ देत नाही."

बाकी जेवणखाण ठीक. चहा पातळ असतो.

चहाचं लिहितोच आहे तर सांगतो. मी सहाला खाली उतरतो. सहा म्हणजे सहा. जेवणघरात तेव्हा कुणी नसतं. पाचेक मिनिटांत डॉक्टरीणबाई यायच्या, "अरे, मिस्त्री, तुम्हीपण उठलात का?" असं म्हणायच्या. असे सलग सहा दिवस. मला वाटलं, बाई वक्तशीर आहे. तू हसू नकोस. तासभर बोलायचो. त्यांच्या दवाखान्यातल्या खुर्चीचा पाय कसा कुरकुरतो, पेशंट खोटं कसं बोलतात, मी लाकूड वास घेऊन कसं ओळखतो. गेल्या रविवारी मी त्यांना सांगितलं की तुम्ही छत्री चुकीची गुंडाळता, पट्ट्या एकाच दिशेने यायला हव्यात. गुंडाळूनही दाखवली.

सोमवारी त्या आल्या नाहीत. मंगळवारी नाही. बुधवारी माझा चहा गार झाला तरी नाही.

दिवसा गटाबरोबर फिरताना लांब बसायच्या. ताई, तू माझ्यासाठी अकरा स्थळं आणलीस आणि प्रत्येकीत मी खोट काढली. एकीचा आवाज, एकीचं अक्षर, एक तर पंखा चालू ठेवून खोलीबाहेर गेली म्हणून. तू म्हणायचीस, तुला बायको नको, काटकोनाचा गुण्या लावून तपासलेली फळी हवी. बुधवारी त्या गार चहासमोर बसून मला ते पहिल्यांदा लागलं. वाटलं, एका छत्रीपायी घालवलं मी सगळं. सहल बावीसला संपते, त्यांचं गाव वेगळं, दवाखाना वेगळा. आता बोललो नाही तर पुन्हा भेट नाही.

दुपारी बसमध्ये शेजारी जाऊन बसलो. म्हटलं, "छत्रीचं बोललो ते चुकलं."

"कसली छत्री?" त्या म्हणाल्या. "तुम्हीच तर खाली जायचं बंद केलंत. तीन दिवस दाराला कान लावून बसलेय मी."

"मी रोज सहाला उतरतो."

"मग पायरी का वाजत नाही?"

आता पायरीचं. त्यांच्या दाराजवळची, वरून उतरताना लागणारी. पाय ठेवला की कुईं करायची, उचलला की पुन्हा. मला ते सहन होईना. रविवारी दुपारी सगळे बाजारात गेले तेव्हा मी खालून पाचर ठोकली, दोन स्क्रू आवळले. अगदी मुकी केली. कुणाला सांगितलंही नाही. चांगलं काम सांगावं लागत नाही, असं मी मानतो. आणि ही बाई रोज तो आवाज ऐकून केस विंचरून खाली येत होती! वक्तशीर कसली डोंबलाची.

मी सगळं खरं सांगितलं. त्या इतक्या हसल्या की गाईडने माइक बंद केला.

तीस वर्षांत मी माझं केलेलं काम कधी उखडलं नव्हतं. बुधवारी संध्याकाळी उखडलं. पाचर काढली, स्क्रू सैल केले. पूर्वी दोनदा वाजायची, तेही घोगरं. आता एकदाच वाजते, स्वच्छ.

काल सहाला पाय ठेवला, ती वाजली, दार उघडलं. मी तिथेच, पायरीवर उभ्याने विचारलं. त्या म्हणाल्या, "माझे पेशंट बावीस वर्षांपासूनचे आहेत, मी गाव सोडणार नाही." मी म्हटलं, माझी अवजारं दोन कपाटांत मावतात. मग डोळे बारीक करून म्हणाल्या, "आधी सांगा, माझ्यात काय काय दुरुस्त करायचं आहे?"

मी नीट विचार केला. खोटं मला जमत नाही. म्हटलं, "फक्त छत्री."

त्या हो म्हणाल्या.

आमच्यातलं एक जोडपं उद्या परत निघतंय. हे पत्र त्यांच्या हाती देतो, म्हणजे मी पोचेपर्यंत तुझं रडून आणि ओरडून झालेलं असेल. भावजींना जेवण झाल्यावर सांग.

एवढं लिहिलं, तर उरलेलंही लिहितो. काल दुपारी मालकीणबाई गाईडला मध्यस्थ घेऊन वर आल्या. माझ्या खोलीची खिडकी चार वेळा उघडून मिटून बघितली. त्यांच्या दोन इमारतींच्या सगळ्या खिडक्या मी कराव्यात, सोमवारपासून, वर्षभर, असा करार कागदावर लिहून आणला होता. प्रमाणपत्र विचारलं नाही. ताई, असं मला आजवर कुणी बोलावलं नव्हतं. मी कागद हातात घेतला, दोनदा वाचला, आणि नीट घडी घालून परत दिला. वर्षभर दूर राहून लग्नाचं बघू, असं म्हणायला मी पंचविशीतला नाही. गाईड म्हणाला, काका, पुन्हा विचार करा. मी केला नाही.

एकशे अठरा खिडक्या, राहणं-जेवण त्यांचं, आणि वर चोवीस लाख, हे सगळं नको म्हणून बसलेला,

तुझा धाकटा भाऊ