सवतीचे तीन दिवे

सोमवार
लागले एकदाची कामाला! ज्या हॉस्पिटलात तुम्ही वरच्या मजल्यावर निपचित पडलाय, त्याच्याच तळघरात, तुमच्याच खुर्चीवर. अक्षर माझं म्हणजे कोंबडीचे पाय. पण नर्सबाई म्हणाल्या, रोजचं लिहून ठेवा आणि ते उठले की वाचून दाखवा. म्हणून तुमचीच पेन्सिल घेतलीय. टवका उडालेला तुमचा कपही सापडला, घासून चकचकीत केला. काय कळकट ठेवला होता हो!

गावाची मोठी लाईन पडलीय, त्यामुळे दोन जनरेटर जोडीनं चालतात. दोघींवर मिळून सगळ्या हॉस्पिटलाचं ओझं, तुमचं श्वासाचं यंत्रसुद्धा. मी त्यांना थोरली आणि धाकटी म्हणते. तिसरी ती, तुम्हाला झटका देऊन फेकणारी. तिचं पोट उघडून सामान नेलंय, डिझेलची नळीही काढलीय. काम ना धाम, जागा मात्र अडवून बसलीय. तिचं नाव मी सवत ठेवलं. मला काम शिकवणारा मिस्त्री हसला. तुम्ही असतात तर जास्त हसला असतात.

मंगळवार
धाकटीला बंद करून पुन्हा जोडायला शिकले. प्रत्येकीला लाईनीला जोडायचा एक दांडा आहे आणि त्यावर तीन दिवे. जोडायची ती आणि चालू असलेली, दोघींचा वेग जुळत नाही तोवर दिवे एकदम पेटतात, एकदम विझतात. वेग जुळत आला की ही उघडझाप सावकाश होते. पार काळे झाले की दांडा ओढायचा. दिवे काळे, हात खाली. मिस्त्रीनं हे इतकं घोटून घेतलं की आता दिवा मंदावला तरी हात आपला उठतोच.

मी विचारलं, मग आमच्या ह्यांना कसं फेकलं? ते काय शिकाऊ होते? तो म्हणाला, वहिनी, त्या दिवशी सवतीचे तिन्ही दिवे गेलेले होते, आणि गेलेला दिवाही काळाच दिसतो. वेग जुळायच्या आतच दांडा ओढला गेला. आता नवे बसवलेत.

दुपारी थोरली धापा टाकायला लागली आणि धाकटी मजेत. मिस्त्रीनं धाकटीचं डिझेल जरा वाढवलं, तसं ओझं सारखं वाटलं गेलं. म्हणाला, घरात दोन सुना असल्या की हेच. मी म्हटलं, तुझ्या घरात एक टिकलीय तेच नशीब समज.

बुधवार
सवतीचा लोडचा काटा उलटा गेलाय, शून्याच्याही खाली. मिस्त्री म्हणाला, घाबरू नका, उलटा काटा म्हणजे ती वीज देत नाही, खातेय. तिच्या दांड्याच्या आत काहीतरी चिकटलं असणार, म्हणून ह्या दोघी तिला फुकट फिरवताहेत. होतं असं.

खोललं. आत काहीच चिकटलेलं नव्हतं. मग त्यानं तिच्या जाड तारा मुळापासून सोडवल्या आणि भिंतीशी टाकल्या. आम्ही जेवून आलो तर काटा उलटाच. आणि तिचा पंखा फिरत होता, अगदी सावकाश, झोपेत कूस बदलावी तसा.

मी म्हटलं, आता कर की विनोद. तो भिंतीशी टाकलेल्या तारा पुन्हा मोजायला लागला.

गुरुवार
तारा नाहीत, तरी तिचे दिवे लागतात. उजळतात, मंदावतात, पुन्हा उजळतात. ही लय माझ्या ओळखीची. तुमच्या उशाशी बसून हीच तर बघत होते.

फोनवर नर्सबाईंना म्हटलं, ह्यांच्या छातीकडे बघा आणि सांगत राहा. त्या सांगत गेल्या, वर, खाली, वर, खाली. दिवेही तसेच. एकदाही चुकले नाहीत.

मग दिवे मंदावले आणि माझा मेला हात उठला. सवतीचा दांडा अर्धा खाली आला. फोनमध्ये नर्सबाई किंचाळल्या, यंत्र चालू आहे पण छाती थांबली! दांडा वर ढकलला तेव्हा कुठे हलली.

कळलं मला तिला काय हवंय. त्या दिवशी तुमच्याशी जोडणी अर्धवट राहिली तिची, ती आता माझ्या हातून पुरी करून घ्यायचीय.

शुक्रवार
मिस्त्रीनं तिचा दांडा तारेनं करकचून बांधला. दिवेही काढून माझ्या मांडीवर टाकले. मांडीवर ते पेटले. तो जिना चढून गेला तो आलाच नाही.

डॉक्टर म्हणाले, उद्या तुम्हाला दुसऱ्या हॉस्पिटलात हलवतो. इथून एकदा निघालात की सुटलात. तोवर थोरली-धाकटीला सोडून मी कुठे जाणार? त्या थांबल्या तर तुमचं यंत्र थांबेल. फक्त हात आवरायचाय. एवढं नाही जमणार मला?

बांधलेली तार खाली पडलीय. मी सोडली नाही.

शनिवार, सकाळ
सवत जोरात फिरतेय. रिकाम्या पोटानं.

थोरली गुरगुरतेय. काटा लाल रेघेशी—

शनिवार
थोरली बंद पडली. धाकटी एकटी, गुदमरतेय. रीत म्हणते दुसरी जोड. दुसरी कोण आहे? हीच. तेच साधलंय तिनं.

गाडी दारात आलीय. नर्सबाई फोनवर म्हणतात, स्ट्रेचरवर घेतोय, जरा कळ काढा. धाकटे, बाई, ओढ गं जरा.

हात रिकामा राहू नये म्हणून लिहितेय. काहीही लिहीन. तुमचा कप घासला. पेन्सिल बोथट झालीय. उजव्या हातात घट्ट—

मांडीवरचे दिवे. सावकाश. फार सावकाश. नर्सबाई म्हणतात श्वास लांबतोय—

उजळले. चला, उजळले.

मंदावताहेत—

काळे. गेलेले नाहीत, कोमट लागताहेत. काळेच आहेत. मी नाही ओढणार. लिहितेय ना. पेन्सिल उजव्या हातात आहे. उजव्या हातात आहे. डावा—

डावा कुठे—