तोलोनेनांचा गप्पपणा

कुहमो, मार्चचा पहिला शुक्रवार

प्रिय यार्को,

हे पत्र पोस्टात टाकलेलं नाही, शेजारच्या वेइयोच्या हाती देतेय. आमच्याकडे आता पोस्ट येते कधी नि जाते कधी, देवाला ठाऊक. आणि स्कीची सुट्टी संपून सोमवारी शाळा उघडायच्या आत, तू परत मुलांची टॅक्सी घेऊन निघायच्या आत, हे तुझ्या हातात पडायलाच हवं. म्हणून त्या बिचाऱ्याला बर्फातून थेट ओउलूला पिटाळलाय. त्याला बसव, कॉफी दे. बोलत बसू नकोस, तो काही बोलायचा नाही. पण तू पत्र संपवेपर्यंत उठायचाही नाही, तसं मी त्याला बजावून ठेवलंय. फोन का नाही केलास म्हणशील. अरे, फोनवर तुला काय सांगणार? तू "हं" म्हणणार, मग गप्प, मग परत "हं". आणि आता तू फोनवर गप्प झालास की मी घड्याळच बघायला लागते. का ते सांगते, पण आधी बाबांचं ऐक.

बाबा बरे आहेत. कालच घरी आणलंय, आत घोरतायत. मंगळवारी मी तुला फोनवर सांगितलं ना, की बाबांना जरा चक्कर आली, इस्पितळात ठेवलंय, रस्ते वाईट आहेत, येऊ नकोस, ते अर्धंच होतं. सोमवारी सकाळी आमचं कडाक्याचं भांडण झालं. विषय तोच, गावातला फ्लॅट. मला लिफ्टवाला फ्लॅट हवाय आणि या माणसाला हा तलाव सुटत नाही. मी चिडून म्हणाले, मग त्या माशांशीच संसार कर जा! त्यांनी हूं की चूं केलं नाही. गळ घेतला, बर्फाला भोक पाडायचं गिरमिट घेतलं आणि वेइयोबरोबर तलावावर निघून गेले.

वेइयोने मला पुढचं सगळं नंतर सांगितलं. एवढं तो गेल्या वीस वर्षांत एकूण बोलला नसेल. म्हणे दोघं आपापल्या भोकाशी, एकमेकांकडे पाठ करून बसले होते. मधे बाबांच्या दोरीला हिसके बसले, पण त्यांनी ओढलीच नाही. वेइयोला वाटलं, बारका मासा असेल, जाऊ दिला. ऊन कलल्यावर त्याने सामान आवरलं तरी बाबा उठेनात. आता दुसरा कोणी असता तर हाक मारली असती, खांदा हलवला असता. हा आपला शेजारी उभा राहिला. माणूस विचारात आहे, त्याला टोकायचं कसं? उभं राहून राहून स्वतःचे पाय बधिर व्हायला लागले तेव्हा कुठे त्याने बाबांना काखेत धरून स्लेजवर बसवलं आणि घरी आणून सोडलं. दारात मला म्हणतो, "तौनो आज जरा शांत आहे." मी म्हटलं, असू दे, माझ्यावर रुसलाय.

तू हसू नकोस त्याला, मी तरी काय वेगळं केलं? मी करेलियाकडची. आमच्यात शेजारीण साखर मागायला आली तरी सुनेच्या बाळंतपणापासून गायीच्या आजारापर्यंत सगळं सांगून जाते. लग्न होऊन इथे आले तेव्हा तुझ्या आजीने पहिल्याच आठवड्यात कानमंत्र दिला, की तोलोनेन घराण्यातला पुरुष मधेच गप्प झाला तर त्याला हलवायचं नाही, कॉफी करायची आणि वाट बघायची, तो आपला आपण परत येतो. तुझे आजोबा गवत कापता कापता विळा तसाच अधांतरी धरून उभे राहायचे आणि बाकीचे मुकाट्याने त्यांना वळसा घालून पुढे कापत जायचे. गावात अजून म्हणतात, तोलोनेनला उन्हाळ्यात विचारा आणि हिवाळ्यात उत्तर घ्या. मी आधी चेष्टा करायचे, मग सवय झाली, आणि खरं सांगू, पुढे पुढे मला त्याचा अभिमानच वाटायला लागला. वचावचा बोलणाऱ्या नवऱ्यापेक्षा विचारी नवरा बरा, असं मी बहिणींना सांगायचे.

तर बाबा स्वयंपाकघरात येऊन बसले, तेही बूट न काढता! ओल्या बुटांचं पाणी माझ्या सतरंजीवर. असा संताप आला म्हणून सांगू! उभ्या जन्मात हा माणूस बुटांसकट आत आला नव्हता. मला वाटलं, मुद्दाम, मला डिवचायला. म्हटलं थांब, तू मिठाची गुळणी धरतोस काय, मी पण धरते. कॉफीचा कप त्यांच्यापुढे आपटला आणि समोर विणकाम घेऊन बसले. ते कप नुसता फिरवत होते, गोल गोल. ओठ मचमच करत होते, जेवताना करतात तसे, तोंडात काही नसताना. दुसऱ्या हाताने स्वेटरचं बटण चाचपत होते. मी डोळ्याच्या कोपऱ्यातून सगळं बघत होते आणि हट्टाने बोलत नव्हते. मग कपाकडे नजर गेली. पांढऱ्या कपाला लाल डाग. गळाचं टोक त्यांच्या अंगठ्यात पार आरपार रुतलेलं होतं, हात निळा पडलेला, आणि त्याचा त्यांना पत्ताच नव्हता. मी ओरडले, तौनो! त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि "हं" म्हणाले. पण ते मला बघत नव्हते रे.

आणीबाणीच्या नंबरावरच्या मुलीने विचारलं, ते नेहमीसारखं बोलतायत का? काय सांगू तिला? म्हटलं, बाई, ते नेहमी बोलतच नाहीत! अँब्युलन्समधल्या पोराने विचारलं, आज वार कोणता, तर "हं". बायकोचं नाव काय, तर "हं". इस्पितळात मेंदूचा फोटो काढला, तो साफ निघाला. पक्षाघात नाही. एक तरुण डॉक्टर म्हणाला, वय झालंय, गारठलेत, विसराळूपणाचीही सुरुवात असू शकते, आज झोपू द्या, उद्या बघू. मला क्षणभर बरंच वाटलं. झोपू दे बापडा. तेवढ्यात मेंदूच्या डॉक्टर आल्या, सीस्कोनेनबाई, तुझ्याहून लहान असतील, पायात लालभडक मोजे. त्यांनी बाबांचा हात वर उचलला आणि सोडून दिला. हात तसाच वर राहिला. मला म्हणाल्या, हे असे गप्प नेहमीच असतात का? मी म्हटलं, आमचं घराणंच तसं. त्या त्यांच्या डोळ्यांत बघत राहिल्या आणि म्हणाल्या, गप्प माणूस निदान नजरेने तरी उत्तर देतो, हे तेही देत नाहीयेत.

मग डोक्याला चिकट मलम लावून वायरी डकवल्या आणि पडद्यावर रेघा उमटायला लागल्या. दाट, टोकदार, एकीला एक लागून, थांबायचं नावच नाही. बाई म्हणाल्या, ही आकडी आहे, आणि बहुधा सकाळपासून चालू आहे. मी त्यांच्याशी भांडले. आकडी आलेला माणूस पडतो, हातपाय झाडतो, तोंडाला फेस येतो, एवढं मला कळतं! हा तर खुर्चीत बसून कॉफीचा कप फिरवत होता! त्या शांतपणे म्हणाल्या, काही आकड्या अशाच बसून काढतात माणसं, अंग शांत आणि मेंदूत वणवा. आणि तो आपोआप विझत नाहीये, म्हणजे आता आपणच विझवायचा.

शिरेतून पहिलं औषध दिलं. रेघा विरळ झाल्या, मला हुश्श झालं, आणि बघता बघता परत दाट झाल्या. आणि मग मी म्हणत होते तशी आकडी आली. सगळं अंग ताठ, दातखीळ, मग झटके. पलंग खडखडत होता. मी हात धरायला धावले तर नर्सने मला बाजूला केलं, धरायचं नाही, कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही. परत औषध, मग वेगळ्या औषधाची बाटली चढवली. बाईंनी मला स्पष्ट सांगितलं, जितकी लांबते तितकी ती औषधाला दाद देईनाशी होते. यानेही थांबली नाही तर अतिदक्षता विभागात नेऊन भूल द्यायची, श्वास मशीनवर. शुद्धीवर आल्यावर माणूस पूर्वीसारखा असेल का, विचारलं मी. त्या म्हणाल्या, आत्ता सांगता येत नाही. यार्को, तुझी आई, जिच्या तोंडाचा पट्टा तुझ्या लग्नातसुद्धा कोणाला आवरता आला नाही, ती त्या खुर्चीत दगडासारखी बसली होती. मी फक्त त्यांचा पाय धरून बसले होते, मोज्यावरून. शेवटचं त्यांच्याशी काय बोलले होते? माशांशी संसार कर. तेच एक डोक्यात घुमत होतं.

औषध चढत राहिलं. रेघांमधे हळूहळू मोकळी जागा पडायला लागली. बाई पडद्यापासून हलल्या नाहीत, जेवायलाही गेल्या नाहीत. बऱ्याच वेळाने बाबांनी मान वळवली, माझ्याकडे पाहिलं, खरंच माझ्याकडे, आणि जड जिभेने म्हणाले, "राइली, आज तू गप्प का?" मी ढसाढसा रडले आणि मग त्यांना इतकं बोलले, इतकं बोलले, की नर्सने दार लावून घेतलं. त्यांना काही आठवत नाही. ना तलाव, ना भांडण. म्हणजे फ्लॅटवरून मला परत पहिल्यापासून भांडावं लागणार. आता रोज दोन वेळा गोळ्या आहेत, गाडी बंद, एकट्याने तलावावर जाणं बंद. झटके पाच मिनिटांवर गेले तर गालात सोडायचं औषध दिलंय, ते कसं सोडायचं हे नर्सने मला आणि वेइयोला दोघांना शिकवलं.

आता पुढचं नीट वाच. मंगळवारी बाईंनी विचारलं, घरात आणखी कोणी असं मधेच गप्प व्हायचं का? मी आजोबांचा विळा सांगितला. मग बाबांच्या भावाचं, ओइवाकाकाचं सांगायला लागले आणि सांगता सांगता मलाच उमगायला लागलं. तुला आठवत नसेल, लहान होतास. शांत तलावात, वारा नाही, लाट नाही, पोटात दारूचा थेंब नाही, आणि काका होडीतून पाण्यात गेला. लोक म्हणाले, विचारात होता. आम्ही सगळ्यांनी तेच म्हटलं आणि त्याला पुरला. बाई म्हणाल्या, प्रत्येक अबोल माणूस आजारी नसतो, हे लक्षात घ्या, पण तुमच्या घरात हे रक्तातून उतरलेलं असू शकतं. मुलं किती? मी कौतुकाने सांगितलं, एकच मुलगा, धडधाकट आहे, शाळेची मुलं नेतो. तो कधी गप्प होतो का? मी हसलेच. म्हटलं, बाई, तो तोलोनेन आहे! बाई हसल्या नाहीत. आणि माझंही हसू तोंडातच राहिलं, कारण मला नाताळचं जेवण दिसायला लागलं. तू मांस कापत होतास, सुरी मधेच थांबली, ओठ हलले, दुसरा हात शर्टाच्या बटणावर. मी विल्याला म्हटलं होतं, बाबांना टोकू नकोस, विचारात आहेत. माझ्या सासूने मला शिकवलेलं मी माझ्या नातीला शिकवलं.

तरी मी स्वतःला समजावत होते, की भीतीने सगळीकडे भुतं दिसतात. पण बुधवारी विल्याने आजोबांची चौकशी करायला फोन केला. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, बाबा गाडीत कधी गप्प होतात का गं? ती खिदळायलाच लागली. म्हणाली, तो तर आमच्या टॅक्सीतला खेळ आहे, आजी! सिग्नल हिरवा होतो आणि बाबा निघतच नाहीत, मग आम्ही सगळे मिळून मोठ्याने आकडे म्हणतो, ते निघेपर्यंत. सुट्टीच्या आधी तर गाडी चालू असतानाच खेळलो, गाडी आपली आपण जाऊन बर्फाच्या ढिगात बसली, काय मज्जा आली! तिला अजिबात रागावू नकोस. तुला ती गाडी ढिगात गेलेली आठवते का, यार्को? की बाबांसारखंच, काहीच आठवत नाही?

म्हणून हे पत्र. तुला विनवायला नाही, मी काय करून बसलेय ते सांगायला. काल मी तुझ्या मालकाला, ऑस्मोला, फोन केला आणि सगळं सांगितलं. सोमवारी टॅक्सी दुसरा कोणी नेईल. सीस्कोनेनबाईंनाही सांगितलंय, त्यांनी तुला येत्या बुधवारी बोलावलंय. तुझी आवडती नोकरी मी घालवली, तुझ्या पाठीमागे, आणि बहुधा पुढची कितीतरी वर्षं ती तुला परत मिळायची नाही. तुला विचारलं असतं तर तू "हं" म्हणाला असतास आणि सोमवारी निघाला असतास. त्या गाडीत विल्या असते. दुसऱ्यांची लेकरं असतात. गाडीची किल्ली वेइयोकडे दे आणि विल्याला घेऊन त्याच्याच गाडीतून इकडे ये. ये आणि भांड माझ्याशी. दारं आपट, आई कसली वैरीण आहेस म्हण, शिव्या घाल, गाव गोळा होऊ दे. सगळं ऐकेन मी. फक्त रुसून गप्प बसू नकोस, राजा. तू गप्प झालास तर तो राग आहे की आकडी, हे मला आता कसं कळणार?

तुझीच,
आई