मिटल्या डोळ्यांचं सीताफळ

बुलढाणा, कोजागिरीचा दुसरा दिवस, १९६३

रोहिणखेडच्या बांधावरचं ते सीताफळ पिकतं, हे आज त्या शेताच्या मालकीण सकिनाबींनी मला खाऊ घालूनच पटवलं. डोळे फाकल्याशिवाय सीताफळ तोडायचं नाही, हा इकडचा नेम. या झाडाच्या फळांचे डोळे कधी फाकतच नाहीत, म्हणून ते कुचकामी ठरलेलं. सकिनाबींनी तोडलेलं एक फळ ज्वारीच्या कणगीत विसरलं आणि लोण्यासारखं मऊ झालं. बिया जेमतेम चार. डोळे मात्र मिटलेलेच. इतकी वर्षं मी त्याच बांधावरून गेलो. कधी विचारलं का?

त्यांचे पती रहीमभाई उद्या झाड तोडणार होते. म्हणाले, "एका फळानं काय होते? आखीन चार पिकू दे."

"पिकले तं कुऱ्हाड माह्या हातात द्यायची, मंग झाडाले हात लावायचा नाही," सकिनाबी म्हणाल्या.

उद्या चार फळं कणगीत जातील. झाड वाचेल असं वाटतं. उरलेलं अर्धं फळ रहीमभाईंनीच संपवलं.