मागचे दोन तट

प्रिय धनाजी,

परमुलखात एकाच शहरात राहून पत्र लिहितोय, याचं तुला नवल वाटेल. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून कागद घेतला. गावाकडं बबीता बरी आहे. परवा फोनवर म्हणाली, "माझ्या भावाकडे लक्ष ठेवा." ठेवलंय.

प्रदर्शनासाठी केलेला तो चिनी गडाचा नमुना आठवत असेल. डोंगरातल्या वेगळ्या जमातीचे सरदार मूळ गडावर राहायचे. बादशहानं त्यांचा मुलूख पिढ्यानपिढ्या त्यांच्याच हाती ठेवला, आणि शेवटच्यानं बंड केलं तेव्हा फौज पाठवून गड घेतला. नकाशे बघून पाच महिने मी तो लाकडात कोरला. पुढचे सहा दरवाजे, मागचे तीन, एकेक पायरी. तू फोरमन, चहा घेऊन यायचास, शाबास म्हणायचास. काम संपत आलं आणि तू मॅनेजरला सांगितलंस की सुदामचे डोळे अधू झालेत, तो सगळं बिघडवेल. मला तिकडं द पर्लच्या नव्या इमारतींत फ्लॅटची दारं बसवायला धाडलं. गडाच्या पाटीवर तुझं नाव लागलं. सख्ख्या बहिणीचा नवरा होतो रे मी.

उद्घाटनाला मी मेट्रोनं आलो. मला बघून तू मान फिरवलीस. तिकडून आलेल्या चिनी बाईंनी तुला विचारलं, गडाला मागच्या बाजूनं दोन तट का? तू म्हणालास, "लाकूड उरलं होतं." लोक हसले. मग मी पुढं झालो आणि दुभाषी सुमैयाला हिंदीत समजावलं, की पुढून उभा चढ आहे, भीती मागून होती, आणि फौज मागूनच शिरली. बाईंनी तुझ्याकडं पाठ केली आणि तासभर माझ्याशी बोलत बसल्या. मॅनेजर शेजारीच उभा होता.

त्याच सरदारांच्या दुसऱ्या एका ठाण्याचं काम आता कंपनीला मिळालंय. फोरमन मी आहे. कोणती माणसं ठेवायची, त्याची यादी मॅनेजरनं माझ्याकडून मागितली. काल दिली. अश्फाक आहे, बाजीराव आहे. तू नाहीस. तुझा व्हिसा पुढच्या महिन्यात संपतो आणि कामाशिवाय तो वाढत नाही, हे मला ठाऊक होतं.

उद्या तुला नोटीस मिळेल. कंपनीनं काढलं असं तू गावात सांगशील, म्हणून हे पत्र. कंपनीनं नाही, मी काढलं. बबीताला आज मीच सांगणार आहे. ती माझ्याशी बोलणं टाकेल. टाकू दे.

तुझाच दाजी,
सुदाम