रिकामी पिंपं

बाबा,

१. लढाईच्या काळात बिरसीला विमानं उतरायची. तिथली पेट्रोलची रिकामी पिंपं धाकट्याने भंगारात घेतली. पत्रा कापून तो पेट्या करणाऱ्यांना देणार आहे.
२. एकाचं बूच काढून त्याने नाक लावलं. म्हणाला, वास नाही. मला आला.
३. त्याने छन्नी टेकवली. मी त्याच्या हातातला घण धरून ठेवला.
४. आईने जेवायला हाक मारली. पिंप अजून तसंच आहे.

भांडण ताटावर पुढे चाललं. तो म्हणाला, "बाबा असेच कापत होते. कधी काही झालं का?" मी म्हटलं, ते घासलेटचे डबे होते, पेट्रोल वेगळं. "भरलेल्याचं भेव समजलो असतो, बाई. तू नागपूरले शिकून आली अन् रिकाम्याले भिऊन रायली?" मी आता प्रयोगशाळेत काम करते, म्हणून त्याला सांगितलं की रिकामं हेच वाईट. आत हवा आणि पेट्रोलची वाफ मिसळलेली असते, छन्नीची एक ठिणगी पुरते. आधी काठोकाठ पाणी भर, मग काप. तो हसला. "तलाव-बोडी आटून रायली, माणसाले प्यायले पानी नाई, अन् तू पिंपाले पाजून रायली!" आईसुद्धा हसली.

तुम्ही पितळ वितळवत होतात तो दिवस मला दिसतो. मी लहान आहे, मदत म्हणून एक पोकळ तोडा मुशीत टाकायला जाते. तुम्ही मनगटावर असा फटका मारता की तोडा अंगणात जाऊन पडतो. "काऊन वं, मरून रायली का?" मग तुम्ही तोड्याला खिळ्याने भोक पाडता आणि आतून पाण्याचा थेंब येतो. "हा मुशीत गेला असता त सारं पितळ आपल्या तोंडावर आलं असतं." ओरडत होतात आणि माझ्या मनगटावर फुंकरही घालत होतात. त्या दिवसानंतर पोकळ वस्तू तपास, असं मला कोणाला सांगावं लागलं नाही.

थेंब दाखवता आला. वाफ दाखवता येत नाही, म्हणून तुमचा मुलगा माझं ऐकत नाही. तुम्ही गेल्यावरही तुमचं ऐकतो. काल मी त्याला सांगितलं, बाबा आधी पाणी भरायचे, तू लहान होतास.  तो म्हणाला, "बाबा भरत असतीन त भरतो. मले आठवत नाई." आज तो पाण्यासाठी बैलगाडी सांगायला गेला आहे.

मलाही आठवत नाही, बाबा. बहुधा तुम्ही भरत नव्हतात.

सोमवारी तो पहिलं पिंप कापणार आहे. मी तुमच्या नावावर सांगितलेलं तुम्हाला मान्य नसेल, तर रविवारपर्यंत कळवा.