खडकावरची बाई

४ मार्च
लागली एकदाची नोकरी! कलादालनातल्या चित्रांचे अर्थ लावायचे आणि त्यांच्याखालच्या पट्ट्यांवर चार ओळी लिहायच्या. खोलीही झकास मिळाली, खिडकीत भरपूर ऊन. बस्तान बसलं की ताईकडे ठेवलेल्या लेकीला घेऊन येणार. तिने फोनवर आत्तापासूनच बजावलंय, पलंगाची भिंतीकडची बाजू तिची. संचालकबाई जरा कडक आहेत. पट्टीत 'कदाचित' लिहिलेलं त्यांना खपत नाही. लोक तिकीट काढून येतात, त्यांना ठाम अर्थ हवा, म्हणाल्या. मी नंदीबैलासारखी मान डोलावली.

६ मार्च
पहिलंच चित्र: समुद्राकाठच्या खडकावर पाठमोरी बसलेली एकटी बाई, खांद्यावर करडी शाल. मला विचाराल तर घरच्यांना चुकवून निवांत वारा खात बसलीय! पण असं लिहिलं तर नोकरीवर पाणी सोडावं लागेल. म्हणून लिहिलं, 'हिला ओळखणारं कोणी उरलेलं नाही. इथून परतायला रस्ता नाही.' संचालकबाई खूश. पट्टी लगेच लागली.

८ मार्च
काल लेकीचा फोन आला नाही. आज मीच केला, तर ताईने कोण बोलतंय म्हणून विचारलं. आधी चेष्टाच वाटली. नाव सांगितलं, रडले, तर चुकीचा नंबर म्हणून तिने ठेवून दिला. दालनात संचालकबाईंनी माझ्याकडे तिकीट मागितलं. आणि चित्रातल्या बाईची मान जराशी वळलीय. परवा ती नक्की पाठमोरी होती.

९ मार्च
बाहेर पडता येत नाही. दार उघडलं की पलीकडे हेच दालन, हेच चित्र. लोक येतात, जातात. त्यांच्या मागोमाग गेले तरी मी पुन्हा इथेच. तिच्यासाठी लिहिलेलं सगळं माझ्या गळ्यात पडलंय.

दुपारी
सुचलं! लिहिलेलं माझ्यावरच येणार असेल, तर चांगलंच लिहावं. पट्टीवर पेनाने वाढवलं, अगदी ठाम: 'हिची लेक घरी वाट बघतेय. ही उठते. लेकीकडे जाते. लेक हिला ओळखते.'

१० मार्च
खडक रिकामा. शालही नाही —

फोन लावला. लेकीनेच उचलला. खिदळत होती. म्हणाली, काकू, नंतर करा, आई आलीय, मला शालीत गुंडाळतेय, शाल किती ओली आहे —

ती तुझी आई नाही गं — ठेवला तिने —

पायाखाली वाळू. भिंत कुठे गेली —

बसायला खडकच तेवढा. बसणार नाही. नाही बसणार —

पट्टी अजून दिसतेय, चित्राच्या काचेपलीकडे, उलटी. हात पोचला तर एकच शब्द घालायचा — कदाचित ही —