टबाखालची जमीन

रविवार, ४
आलो एकदाचे! घर बैठं, उजेडाचं, मागे मोकळी जागा. तळघर नाही, जोतं नाही. जमिनीवर काँक्रीटची जाड लादी ओतून तिच्यावरच भिंती उभ्या केल्यात. सासूबाईंना एकही पायरी चढायला नको, म्हणून तर हे घर घेतलं. आईंनी दारात खुर्ची टाकून सामानवाल्यांवर दिवसभर हुकूम सोडले. मी भांड्यांच्या खोक्यावर ‘पुस्तकं’ लिहिलं होतं आणि पुस्तकांच्या खोक्यावर ‘भांडी’. त्यावरून माझी जी काही खेचली! हसून हसून पोट दुखलं.

एकच अडचण आहे. बाथरूममध्ये नुसता शॉवर आहे. आईंना उभं राहून अंघोळ जमत नाही आणि डॉक्टरांनी तर कंबर गरम पाण्यात शेकायला सांगितली आहे. टब बसवायचं ठरलं.

बुधवार, ७
प्लंबर येऊन बघून गेला. माणूस सज्जन, बोलका. म्हणाला, शॉवरचं पाणी मधोमध जातं, टबाचं एका टोकाला. म्हणजे पाइप सरकवायला हवा आणि तो तर लादीच्या पोटात. वरचा मजला असता तर खालून काम झालं असतं, इथे लादी कापल्याशिवाय गत्यंतर नाही. आई लगेच म्हणाल्या, माझ्या कमरेपायी घराची कंबर मोडू नका रे.

शुक्रवार, ९
लादी कापली. घरभर पांढरी धूळ, चहातसुद्धा. तुकडा उचलला, ओल येऊ नये म्हणून खाली अंथरलेलं प्लास्टिक फाडलं. त्याखाली ठोकून बसवलेली माती हवी होती. तिथे पोकळीच होती. माती खचते कधी कधी, असं प्लंबर म्हणाला आणि पालथा पडून खांद्यापर्यंत हात आत घालून पाइप चाचपू लागला.

मग त्याने हात झटक्यात बाहेर ओढला. खाली कोणी राहतं का, असं मला विचारलं आणि स्वतःच हसला. पण हात मात्र कितीतरी वेळ धूत बसला. चहा तसाच टाकून गेला.

शनिवार, १०
दिवसभर वाळू ओतली. पोती रिकामी होत होती, खड्डा काही भरेना. अखेर भरला. पाइप जोडला, वर काँक्रीट घातलं. निघताना तो बुटांच्या नाड्या बांधत होता, तेव्हा मी छेडलंच, की काल हाताला काय लागलं.

“तळवा होता, ताई. माणसाच्या पायाचा. वर केलेला.”

मी हसले. तो हसला नाही.

मंगळवार, १३
टब बसला! आई पाण्यात बसून गुणगुणत होत्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ऐकलं. म्हणाल्या, पाणी सोडून दिलं तरी टबाचं बूड गरमच राहतं, मजा आहे बाई.

गुरुवार, १५
मला चैन पडत नाही. चमच्याच्या दांड्याने फरशी वाजवून पाहिली. बाथरूममध्ये पोकळ आवाज. तिथलं समजू शकते, वाळू खचली असेल. पण बोळातही पोकळ, आणि संध्याकाळी स्वयंपाकघराच्या दारापर्यंत. सकाळी तिथे भरीव वाजत होतं, मी शपथेवर सांगेन. नवरा म्हणतो, आता चमचा ठेव आणि जेवायला वाढ.

शनिवार, १७
भांडी घासत उभी होते. तळपायांखाली फरशी कोमट झाली. दोन पावलं सरकले. थोड्या वेळाने तिथेही. खाली बसून हात फिरवला. फरशी गार, फक्त दोन ठसे गरम. टाच, चवडा, बोटं. माझ्याच पावलांसारखे, पण माझ्याहून मोठे.

कुणीतरी खाली उलटं उभं आहे. माझ्या तळव्याला तळवा लावून.

आता घरातही चपला घालते. बसले की पाय वर घेते.

सोमवार, १९
आईंची कंबर दुखायची थांबली! काठीशिवाय चालतात. नवरा आनंदाने वेडा व्हायचा बाकी आहे. मी काही बोलले तर म्हणतो, चांगलं झालेलं तुला बघवत नाही का. पण आई चप्पल घालत नाहीत. एकाच जागी उभ्या राहतात, डोळे मिटून. काय करताय, विचारलं. म्हणाल्या, अगं, कुणीतरी पाय चेपतंय.

रोज फोन लावत होते, प्लंबरने आज उचलला. एवढंच म्हणाला, म्हाताऱ्या बाईंना आधी बाहेर काढा. पाय जमिनीला लागू देऊ नका.

मंगळवार, २०
नवऱ्याचा हात धरून फरशीवर ठेवला, आई उभ्या होत्या तिथे. त्याचा चेहरा उतरला. बॅगा भरल्या. उद्या सकाळी नणंदेकडे. आई म्हणतात, तुम्ही जा, मी बरी आहे इथे.

बुधवार, २१, सकाळ
गाडी दारात आहे. आई टबाशेजारी उभ्या. उचलायला गेलो – पाय निघत नाहीत. आम्ही दोघांनी ओढलं. फरशी फुटलेली नाही, साधी चीरही नाही, आणि आई घोट्यापर्यंत आत आहेत.

नवरा गाडी घेऊन प्लंबरला आणायला धावला. मी टबाच्या काठावर, पाय वर घेऊन. लिहितेय, नाहीतर ओरडत सुटेन.

तीच सकाळ
गुडघे. गुडघ्यांपर्यंत. विचारलं, दुखतंय का. हसल्या – मुळीच नाही गं. माझा हात धरलाय. सुटत नाही. सोडवायचाही नाही मला. एकट्या कशा सोडू –

कंबर. अजून हसतायत. म्हणतात, किती दिवस पाय आखडून बसशील, टेक की जरा, बरं वाटेल. हात ओढतायत. एवढा जोर त्यांच्यात नव्हता – गाडीचा आवाज नाही – मी काठावरून घसरतेय, नुसता अंगठा टेकला, नुसता –

कोमट आहे. खरंच बरं वा